चांद धूसर हवा

माशीचा रंग कोणता, असं इब्राहिम हवालदाराने विचारलं आणि रंगनाथला सांगता येईना. तो सतरंजीवर पालथा पडला होता, कोपरं दुखत होती, दहा गोळ्या झाडून झाल्या होत्या आणि त्यांतल्या तीन कागदाला लागल्याच नव्हत्या. हवालदार शेजारी उकिडवा बसला, त्याने रंगनाथच्या हातातून रायफल हळूच काढून घेतली, नळीचं टोक मुठीत झाकलं आणि पंतोजीने पोराला पाढा विचारावा तसं विचारलं, "रंगनाथराव, पाच महिने झाले, तुम्ही हिच्यामागं डोळा लावताय. ही पुढची माशी कशी आहे सांगा बरं. टोकदार का चपटी? काळी का पांढुरकी?" नळीच्या टोकाशी लोखंडाची गव्हाच्या दाण्याएवढी पट्टी उभी असते, तिला माशी म्हणतात, मागे डोळ्याजवळ एक खाच असते, त्या खाचेत माशी धरायची आणि माशीच्या डोक्यावर समोरच्या कागदावरचा काळा चांद ठेवायचा, एवढं रंगनाथला तोंडपाठ होतं. पण टोकदार का चपटी? "टोकदार," तो म्हणाला, "आणि काळी." हवालदाराने मूठ उघडली. माशी चपटी होती, आणि तिच्या डाव्या कडेला घासून चकचकीत झालेला एक पांढरा ठिपका होता. "तुम्ही बंदूक बघतच नाही," हवालदार म्हणाला. "तुम्ही नुसता चांद बघता."

मागे उभी असलेली मंडळी हसली. त्यात वाईट काही नव्हतं, पाच महिन्यांत सगळेच सगळ्यांना हसले होते. पण रंगनाथला ते लागलं. कारण न पाहणं हा त्याचा दोष नव्हताच कधी. उलट. डॉक्टर चाप ओढण्याआधी तोंड मिटतात आणि गोळी सुटली की उघडतात. क्लबचे सेक्रेटरी वकीलसाहेब बूट काढून सतरंजीवर पडतात पण मोजे काढत नाहीत, आणि डाव्या मोज्याच्या टाचेला निळ्या दोऱ्याने रफू केलेलं आहे. घड्याळवाला निजाम चुकून वाईट गोळी मारली की सतरंजीची घडी सरळ करतो, जणू दोष तिचाच. ही सगळी माहिती रंगनाथपाशी तारीखवार होती. नाशकातल्या निम्म्या प्रतिष्ठित मंडळींचा असा एकेक रकाना त्याने मनात आखून ठेवला होता आणि कोणाच्या रकान्यात नवी ओळ पडली की त्याला आतून गुदगुल्या होत. आणि आता त्याच्या नाकासमोर दीड हातावर असलेली वस्तू, पाच महिने, दर रविवारी, आणि त्याने ती पाहिली नव्हती. त्याच्या स्वतःच्या रकान्यात पडलेली ही पहिलीच ओळ, आणि तीही चार माणसांदेखत.

त्यात वकीलसाहेबांनी नेमकं त्याच वेळी जाहीर केलं. नेमबाजीच्या या क्लबची रायफल एक, सभासद अकरा आणि रविवारचे तास दोन. कोणाचंच मन भरत नाही. तेव्हा पुढच्या रविवारी परीक्षा. दहा गोळ्या, शंभरपैकी सत्तर ज्याला पडतील तो नेमबाज सभासद. "आणि बाकीचे प्रेक्षक सभासद," वकीलसाहेब समजूत घातल्यासारखे म्हणाले. "बाकावर बसावं, बघावं, पेरू खावेत. परीक्षेला घरच्या मंडळींनाही आणा. जरा उत्सव होईल." प्रेक्षक सभासद! रंगनाथने रायफल हवालदाराच्या मांडीवरून पुन्हा एकदा पाहिली. त्याला अठ्ठेचाळीसच्या वर कधी पडले नव्हते.

घरी पायी निघाला तो मुद्दाम लांबच्या वाटेने. पौषातलं ऊन पाठीवर छान बसत होतं आणि ते छान बसतं आहे याचाच त्याला राग येत होता. क्लबात तो आला होता केवळ चेष्टेने. शहरातले वकील-डॉक्टर मातीत पालथे पडतात ही बातमी त्याला सोडवेना, म्हणून वर्गणी भरून तो ते बघायला गेला. आणि पहिल्याच दिवशी हवालदाराने त्यालाच पालथा पाडला. गाल रायफलच्या लाकडी दस्त्यावर, पोट जमिनीवर, नाकात तेलाचा आणि जळक्या दारूचा वास. "श्वास घ्या, अर्धा सोडा, उरलेला धरा," हवालदार म्हणाला होता. त्या धरलेल्या अर्ध्या श्वासात रंगनाथच्या डोक्यात कोणीही नव्हतं. वकीलसाहेबांचा मोजा नाही, कचेरीतल्या कोणाची बढती नाही, शेजाऱ्याच्या मेव्हण्याचं लग्न नाही. चव्वेचाळीस वर्षं त्याच्या डोक्यात लोकांची वर्दळ होती, एखाद्या धर्मशाळेसारखी, आणि ती धर्मशाळा दोन-तीन क्षण रिकामी, झाडून लख्ख. मग चाप, मग धडाका, की सगळी मंडळी पुन्हा गाठोडी घेऊन आत. गोळी कुठे का जाईना, त्याला तेवढ्या रिकामपणाची चटक लागली होती. हे त्याने कोणाला सांगितलं नव्हतं. सांगण्यासारखं नव्हतंच ते. एरवी दुसऱ्याने सांगितलं असतं तर रंगनाथनेच त्याची चार दिवस टिंगल केली असती. आता ते जाणार होतं. आता बाकावर बसायचं आणि डॉक्टरांचं तोंड कधी मिटतं कधी उघडतं ते बघायचं, म्हणजे जे तो फुकट करत होता ते वर्गणी भरून करायचं.

पुलावर तो थांबला. खाली गोदावरीच्या पाण्यात बायका धुणी आपटत होत्या आणि पलीकडे पंचवटीतल्या देवळांचे कळस उन्हात एकावर एक चढले होते. त्याने उजव्या हाताचं बोट डोळ्यांसमोर उभं धरलं, डावा डोळा मिटला आणि एका कळसाच्या टोकाखाली बोट आणलं. कळस लख्ख दिसला की बोट धुरासारखं होई. बोट बघायला जावं तर कळस विरघळे, आणि विरघळतो आहे असं वाटलं की डोळा घाबरून पुन्हा त्याला धरायला पळे. खिडकीशी कोणी आलं की उठून बघणाऱ्या माणसासारखा डोळा. "काय साहेब, वारा बघताय का?" एका टांगेवाल्याने टांगा हळू करत विचारलं. रंगनाथने बोट खिशात घातलं.

डोळा असा का पळतो हे मात्र त्याला ठाऊक होतं. त्याला तसं शिकवलं होतं. बावीस वर्षांपूर्वी कलेक्टर कचेरीच्या रेकॉर्डखान्यात नक्कल कारकून म्हणून तो लागला तेव्हा रावजीतात्या नावाचे हेडकारकून हातात लाकडी रूळ घेऊन नव्या पोरांच्या मागे फिरत. जुना दस्त डाव्या हाताला, कोरा कागद उजव्या हाताला. "डोळा मूळ कागदावर," तात्या म्हणत. "टाकाकडे बघायचं नाही. टाकाकडे बघितलंस की ओळ गळाली. हात आपोआप चालतो, बैलाला घर माहीत असतं तसं." आणि जो टाकाकडे बघे त्याच्या बोटांच्या पेरांवर रूळ पडे. पहिल्या पावसाळ्यात रंगनाथची पेरं निळी होती. पुढे पेरं बरी झाली, हात एकटा चालू लागला, आणि बावीस वर्षं त्याने स्वतःच्या टाकाचं टोक पाहिलं नाही. नाशिक जिल्ह्यातल्या बांधांच्या, विहिरींच्या, आंब्याच्या झाडांच्या हजारो नकला त्याच्या हाताने केल्या आणि डोळा नेहमी पलीकडे, मूळ कागदावर. रायफलही त्याने तशीच धरली होती. चांद म्हणजे मूळ कागद. त्याच्यावर डोळा ठेवायचा, माशी काय, येईल आपोआप. हे ध्यानात आलं आणि पुलाच्या कठड्याला टेकून तो चक्क हसला, कारण रावजीतात्या स्वर्गात बसूनही त्याच्या गोळ्या बांधाबाहेर घालवत होते.

सोमवारी कचेरीत त्याने पाप केलं. टाकाकडे पाहिलं. सिन्नरच्या एका जमिनीच्या चतुःसीमा उतरून काढायच्या होत्या आणि त्याने मूळ कागदावरून नजर काढून टाकाच्या टोकावर आणली. टोक खाली ओढलं की त्याचे दोन पाय फाकत, त्यांच्यामधून शाईचा बारीक झरा उतरे. वर नेलं की पाय जुळत. प्रत्येक अक्षराला पाय फाकवून, पाय जुळवून ते टोक चालत होतं, आणि हे बावीस वर्षं असंच चाललं होतं, त्याला न विचारता. तो इतका रमला की पूर्वेची ओळ दोनदा उतरली. सिन्नरच्या त्या शेताला पूर्वेस दोन ओढे मिळाले. शेजारचा कारकून ओरडला, "रंगनाथ, अरे माणसाला बुडवतोस काय!" कागद फाडला, नवा घेतला, पण रंगनाथला शरम वाटण्याऐवजी आत कुठेतरी उकळी फुटली होती.

संध्याकाळी तो भद्रकालीत निजामच्या दुकानी गेला. निजामला क्लबात सगळ्यांत जास्त पडत, पंचाऐंशीच्या घरात. डोळ्यात भिंग अडकवून तो एका घड्याळाच्या पोटात सुई खुपसून बसला होता आणि त्याने मान वर केली नाही. "रंगनाथभाऊ, तुमचे बूट ओळखले," तो म्हणाला. "डावा करकरतो." रंगनाथने विचारलं, नजर माशीवर राहते कशी तुमची? निजामने भिंग काढलं, मांडीवर ठेवलं आणि गल्लीच्या दोन्ही टोकांना बघून हळू आवाजात म्हणाला, "कोणाला सांगू नका. मला लांबचं दिसतच नाही. चांद मला भोपळ्याएवढा दिसतो, तोही नासलेला. मग जे दिसतं ते बघतो, काय करणार?" आणि दोघं इतके हसले की आतून निजामची आई रोशनबी दाराशी आली आणि म्हणाली, "निज्जू, गिऱ्हाइकाला हसवून पाठवू नकोस, घड्याळ देऊन पाठव."

निजामचा उपाय रंगनाथला उपयोगी नव्हता. त्याचे डोळे दुर्दैवाने फार चांगले होते. तेव्हा बुधवारी कचेरीआधी तो चांदमारीच्या मैदानावर हवालदाराकडे गेला. इब्राहिम हवालदार मोठ्या लढाईत बसऱ्याकडे जाऊन आलेला, पेन्शनीत निघालेला, क्लबच्या रायफलीची देखभाल करणारा. काडतुसं सभासदांच्या नावाने मोजून येत, त्यामुळे तो स्वतः कधी एकही झाडत नसे. त्याने रंगनाथचं म्हणणं, रावजीतात्यांच्या रुळासकट, नीट ऐकून घेतलं. मग चौकटीवरचा कागद उलटा केला. चांद गेला, समोर नुसता पांढरा कागद. "आता मारा," तो म्हणाला. "काडतूस नाही, रिकामी बंदूक. नुसता चाप."

"कशावर मारू?"

"कशावरच नाही."

"मग नेम कसला?"

"तेच म्हणतो मी," हवालदार म्हणाला, आणि पेरूच्या झाडाखाली बिडी शिलगावून बसला.

रंगनाथ पालथा पडला. दस्ता गार होता. डोळ्याला सवयीने काहीतरी पलीकडचं हवं होतं. तो कागदावर गेला, तिथे काही नव्हतं, चारी कोपरे हुंगून आला, कागदामागच्या मातीच्या बांधावर चढला, बांधावरच्या एका कावळ्याशी थोडा थांबला, कावळा उडाला, परत आला. आणि मग घरी कोणी नाही असं पाहून दमलेला पाहुणा जसा ओसरीवरच टेकतो तसा तो माशीवर टेकला. माशी दिसली. ती एकदम दिसली, एवढी की रंगनाथ दचकला. चपटं डोकं, त्याची धार थोडी झिजलेली. डाव्या कडेचा तो पांढरा ठिपका, आणि त्याच्याखाली कानशीचे तिरपे ओरखडे, कोणा परदेशी कारागिराने घाईने मारलेले, दोन सरळ, तिसरा जरा वाकडा. त्याच्या श्वासाबरोबर ती खाचेत किंचित वर येत होती, किंचित खाली जात होती, होडीसारखी. म्हणजे आपण इतके हलतो? हे सगळं पाच महिने इथे चाललं होतं आणि तो पंचवीस पावलं पुढे जाऊन उभा होता! त्याने अर्धा श्वास सोडला. होडी थांबली. चाप कधी दबला ते त्याला कळलं नाही. टक् असा कोरडा आवाज झाला आणि माशी तिथेच, जशीच्या तशी. त्याने पुन्हा केलं. पुन्हा. वीसदा, तीसदा. लहानपणी आजोळी एका उन्हाळ्यात तो विहिरीच्या कठड्यावर पोट टेकून पाण्यात वाकून तासन्‌तास पडत असे, काही न बघता, आणि मामी ओरडत असे की पोर बुडेल. तो उन्हाळा कुठूनसा येऊन त्याच्या पाठीवर बसला. "चांद लावला की तो तुम्हाला बोलवील," हवालदार झाडाखालून म्हणाला. "जायचं नाही. तो धूसर दिसला पाहिजे. लख्ख दिसला तर समजा, तुमचा डोळा घराबाहेर पडला."

घरी छत्रीवर सराव सुरू झाला. छत्रीच्या टोकावर डोळा ठेवून रंगनाथ माजघरात पालथा पडे आणि मंगलाबाई त्याला ओलांडून जा-ये करत. लग्नाला पंचवीस वर्षं झाली होती. नवऱ्याच्या नादांना त्यांनी नावं ठेवणं कधीच सोडून दिलं होतं, नुसता शेरा मारीत. "अहो, तुमचा उजवा खांदा कानाशी जातो," गुरुवारी त्या जाता जाता म्हणाल्या. "आणि चाप ओढताना डाव्या पायाचा अंगठा वळतो."

"अंगठा? तुला कसं कळलं?"

"दिसतो ना. चालता-चालता दिसतो." परातीतले तांदूळ निवडत त्या खांबाला टेकून बसल्या. "गोष्ट सांगतानाही वळतो तुमचा. आमच्या घरी मला बघायला आलात तेव्हाही वळत होता."

रंगनाथने छत्री खाली ठेवली. सगळ्या गावाचे रकाने त्याने मांडले आणि त्याचा रकाना पंचवीस वर्षं या घरात मांडला जात होता, तोही एक अक्षर न लिहिता. "अजून काय काय आहे?" त्याने विचारलं.

"सगळं एकदम कशाला?" मंगलाबाई म्हणाल्या आणि एक खडा उचलून अंगणात फेकला. "अंगठा सरळ ठेवा तूर्त."

रविवारी चांदमारीला खरोखर उत्सव झाला होता. बाकांवर लुगडी, शालू, एक लहानसा बुरखा, पेरूंच्या टोपल्या, डॉक्टरीणबाईंनी आणलेले चुरमुऱ्यांचे लाडू. रंगनाथचा क्रम शेवटचा, अकरावा लागला. तोपर्यंत निजामला चौऱ्याऐंशी पडले होते, वकीलसाहेबांना काठावर एकाहत्तर, डॉक्टरांना त्रेपन्न, आणि डॉक्टर बायकोकडे न बघता पेरू खात होते. रंगनाथ सतरंजीकडे निघाला तेव्हा ऊन वर आलं होतं, आणि पालथा पडल्यावर त्याला पहिली गोष्ट दिसली ती माशीवरचा तो पांढरा ठिपका. उन्हात तो ताऱ्यासारखा लखलखत होता. त्याच्या झगमगाटात माशीची डावी कड सापडेना. "हवालदार," तो कासावीस होऊन म्हणाला, "माशी चमकते."

"आम्ही पलटणीत मेणबत्तीचा धूर द्यायचो," हवालदार म्हणाला. "पण ह्या वाऱ्यात मेणबत्ती राहील का?" आणि मागून, बाकावरून, मंगलाबाईंचा आवाज आला, "काळंच करायचंय ना?" त्या उठून आल्या, कमरेच्या चंचीतून काजळाची डबी काढली, करंगळीजवळच्या बोटावर काजळ घेतलं आणि एवढ्या मंडळींसमोर रायफलच्या टोकाशी वाकून, जीभ दातांत धरून, त्या माशीला एका हाताने काजळ घातलं, न लडबडवता, मुलाच्या डोळ्यात घालतात तसं. हवालदार पाहतच राहिला. "बाईसाहेब, आमच्या सुभेदाराला एवढं साफ जमलं नसतं," तो म्हणाला.

मग रंगनाथला काही आठवत नव्हतं, म्हणजे फार थोडं आठवत होतं. माशी मऊ काळी होती, मखमलीसारखी, आणि पलीकडे चांद लावला होता. तो बोलवीत होता. पहिल्या गोळीला डोळा दारापर्यंत गेला, रावजीतात्यांचा रूळ उगारलेला दिसला, आणि परत आला. दुसऱ्या गोळीपासून तो गेलाच नाही. चांद दूर कुठेतरी विरघळलेल्या साखरेसारखा होता, शाईचा डाग पाण्यात पसरावा तसा. त्या धूसरपणात वकीलसाहेब होते, परीक्षा होती, सत्तर होते, प्रेक्षक सभासद होते. सगळे तिथेच होते, त्याने कोणाला हाकललं नव्हतं, फक्त त्यांना कडा नव्हत्या. कडा एकाच वस्तूला होत्या. होडी वर, होडी खाली, होडी थांबली. धडाका. होडी वर, होडी खाली. दहावी गोळी झाली तेव्हा हवालदाराने खांद्याला हात लावून सांगितलं, नाहीतर तो रिकामी बंदूक धरून पडून राहिला असता.

हवालदार कागद घेऊन परत आला तो अगदी सावकाश. वकीलसाहेबांनी कागद घेतला, चष्मा वर केला, खाली केला. "अरेरे," ते म्हणाले. काळ्या चांदात एकही भोक नव्हतं. सगळ्या गोळ्या डावीकडे, चांदापासून तीन बोटं दूर, पांढऱ्यावर. "अठ्ठावीस," त्यांनी बेरीज केली. "रंगनाथराव, मनाला लावून घेऊ नका. बाकावरूनही मजा असते." रंगनाथने कोपरांची माती झटकली, आणि नवल म्हणजे तो मघाचा आनंद आत तसाच बसला होता, जागचा हलला नव्हता.

"जरा थांबा, साहेब," हवालदार म्हणाला. त्याने खिशातून एक ढब्बू पैसा काढला आणि कागदावर ठेवला. दहाच्या दहा भोकं पैशाखाली झाकली गेली. "हे बघा. एका जागी दहा. हा हात बरोबर आहे, नजर बरोबर आहे. मग गोळी डावीकडं का जाते?" त्याने रायफल उचलली, माशीवरचं काजळ बोटाने पुसलं आणि तो पांढरा ठिपका उन्हात धरला. "डावीकडून ठोकर बसलीय. माशी उजवीकडं सरकलीय, केसभर. ही बंदूक कोणाच्या हातून पडली का?"

वकीलसाहेबांनी घसा साफ केला. "दिवाळीत," ते म्हणाले, "टांग्यातून, म्हणजे पडली अशी नाही, उतरली."

"तरीच!" निजाम एकदम ओरडला. "मी तर दिवाळीपासून उजवीकडे धरतोय! मला वाटलं, भिंग लावून लावून माझाच डोळा वाकडा झाला. घरी आईला विचारलं, माझं नाक सरळ आहे का म्हणून!" मग सगळेच बोलू लागले. डॉक्टर पेरू टाकून उठले आणि म्हणाले, बंदूक वाकडी असेल तर त्यांची परीक्षाही रद्द समजावी. "डॉक्टरसाहेब," हवालदार नम्रपणे म्हणाला, "बंदूक एका दिशेला वाकडी आहे. तुमच्या गोळ्या चारी दिशांना गेल्यात." डॉक्टरीणबाई सगळ्यांत मोठ्याने हसल्या. आणि त्या गलक्यात रंगनाथला हळूहळू उमगत गेलं, की अकरा माणसं तीन महिने चांदाकडे बघून आपापल्या चुका करत होती आणि त्या चुकांच्या गर्दीत बंदुकीची चूक मजेत लपून बसली होती.

हवालदाराने पैसा माशीच्या उजव्या कडेला लावला आणि त्यावर दगडाने हलकेच दोन टोले दिले. मंगलाबाईंनी पुन्हा बोट पुढे केलं. वकीलसाहेब आपल्या टांग्याच्या ओझ्याखाली मऊ झाले होते. काडतुसं फक्त तीन उरली होती, तिन्ही काळ्यात बसली तर नेमबाज, असं त्यांनी ठरवलं. तीन काडतुसं म्हणजे तीन अर्धे श्वास, एवढंच रंगनाथच्या मनात आलं. तो पालथा पडला. कागद नवा होता, चांद नवा होता, आणि त्याने दोघांनाही तिकडेच राहू दिलं. एक. दोन. तिसऱ्या वेळी होडी थांबली आणि थांबूनच राहिली, आणि त्याला वाटलं, चाप नाही ओढला तरी चालेल, हेच चालू दे. मग तो आपोआप ओढला गेला.

हवालदाराने चौकटीशीच डोक्याचा फेटा काढून हवेत फेकला. कागद आला. वकीलसाहेबांनी तो उन्हाकडे धरला. चांदाच्या बरोबर मधोमध एकच भोक होतं. "एक लागली," ते म्हणाले. "बाकीच्या दोन कुठे आहेत?" निजामने कागद हिसकावून घेतला, खिशातलं भिंग डोळ्यात अडकवलं आणि नाक कागदाला लावलं. "साहेब," तो म्हणाला, "ह्या भोकाला तीन पाकळ्या आहेत. तिघी एकाच दारातून गेल्यात." वकीलसाहेबांनी भिंग मागून घेतलं, पाहिलं, आणि सभासदांच्या यादीत रंगनाथच्या नावापुढे मोठ्या अक्षरात 'नेमबाज' लिहिलं. डॉक्टरांनी त्याच्या पाठीत गुद्दा घातला. कोणीतरी त्याच्या तोंडात चुरमुऱ्यांचा लाडू कोंबला. लाडूने तोंड भरलेलं असताना त्याला हसू आलं आणि चुरमुरे वकीलसाहेबांच्या कोटावर उडाले, आणि वकीलसाहेबांनी ते झटकले नाहीत.

गलका जरा बसला तेव्हा मंगलाबाई सतरंजीशी उभ्या होत्या. रायफल वाळूच्या पिशवीवर तशीच टेकलेली होती. "एवढं दिसतं तरी काय त्यात?" त्यांनी विचारलं. रंगनाथ सांगायला गेला. माशी, तो म्हणाला, आणि पलीकडे असं, म्हणजे सगळं असूनही नसल्यासारखं. त्याचा हात हवेत फिरला आणि थांबला. बावीस वर्षं दुसऱ्यांचे शब्द उतरून काढणाऱ्या माणसाला स्वतःचा एक सापडेना. "तूच बघ," तो म्हणाला.

बाकांवरच्या बायका पुढे सरकल्या. हवालदाराने रायफल उघडून रिकामी असल्याची खात्री केली, पुन्हा टेकवली आणि अदबीने दोन पावलं मागे झाला. मंगलाबाईंनी पदर खांद्यावरून घट्ट घेतला, सतरंजीवर मांडी घातली, एका हातावर भार देऊन वाकल्या आणि गाल दस्त्याला टेकवला. त्यांनी डोळा मिटला नाही, काही बघितलंही नाही. तशाच राहिल्या. एवढा वेळ राहिल्या की रंगनाथला राहवेना.

"काय दिसतंय?"

"बघते हो, घाई काय," त्या गाल न हलवता म्हणाल्या. आणि मग, जरा थांबून, घरातल्या आवाजात, "दस्ता अजून ऊन आहे तुमच्या गालाने."

हे सगळ्यांना ऐकू गेलं. रंगनाथचे कान तापले. अकरा माणसं, इब्राहिम हवालदार धरून, एकदम वळले आणि फार काळजीपूर्वक दूरच्या मातीच्या बांधाकडे बघू लागले.